टायवाला, वटवट्या आणि अध्यक्षांची वायर

मी आजवर एक पक्षी ओळखला आहे. हा आकडा ऐकून ज्यांना हसू येईल त्यांनी आधी स्वतःचा आकडा सांगावा, आणि सांगताना कावळा, कबुतर, चिमणी आणि पोपट वगळावेत. ते आपण ओळखलेले नसतात. लहानपणी कोणीतरी आपली त्यांच्याशी ओळख करून दिलेली असते. मी म्हणतो ते ओळखणं वेगळं. पक्षी समोर आहे, नाव माहीत नाही, सांगणारं कोणी नाही आणि जे सांगतायत ते सगळे चुकीचं सांगतायत, अशा परिस्थितीत स्वतःच्या डोळ्यांनी आणि डोक्याने नावापर्यंत पोहोचणं. असा माझ्या नावावर एक आहे. तो कसा जमा झाला ते सांगतो.

दुर्बीण आली ती डॉक्टरांमुळे. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. दुपारी खुर्चीत बसतो तो पान छपाईला सोडूनच उठतो. पडद्याकडे पाहून पाहून डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोज सकाळी थोडा वेळ लांब बघत जा." मी विचारलं, "लांब म्हणजे नक्की काय बघू?" ते म्हणाले, "काहीही. झाडं, पक्षी." त्यांनी ते चष्म्याचा नंबर लिहिता लिहिता सहज सांगितलं असणार, पण आमच्या धंद्यात सूचना आली की तिची अंमलबजावणी होते. मी दुर्बीण आणि पक्ष्यांचं एक जाडजूड सचित्र पुस्तक घेऊन घरी आलो.

"डॉक्टरांनी लांबचं बघायला सांगितलं," बायको म्हणाली, "आणि तुम्ही लांबचं जवळ आणून बघणार. मग डोळ्यांना विश्रांती कुठली?"

हा मुद्दा जागेअभावी गाळून पुढे जातो.

पहिल्याच सकाळी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मला एक लहानसा, गडद निळा, अत्यंत संयमी पक्षी दिसला. तो हलत नव्हता. मीही हललो नाही. पुस्तकात पाहिलं, खंड्या असण्याची दाट शक्यता होती. खंड्या तासन् तास स्तब्ध बसतो, असं तिथे लिहिलंच होतं. चहा निवला तरी मी जागेवरून उठलो नाही. शेवटी समोरच्या बाई आल्या, त्यांनी खंड्या दोरीवरून काढला आणि त्याने एक टॉवेल अडकवला. तो कपड्यांचा चिमटा होता.

याचा त्रास झालाच, पण त्याहून मोठा त्रास दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागला: 'रहिवाशांनी दुर्बिणीचा वापर समोरच्या इमारतीच्या दिशेने करू नये. हुकुमावरून.' सूचनेत नाव कोणाचं नव्हतं. अख्ख्या इमारतीत दुर्बीण मात्र एकच होती. मी सोसायटीच्या अध्यक्षांकडे जाऊन म्हटलं, "अहो, मी चिमटा बघत होतो." हे वाक्य मनात जितकं निर्दोष वाटलं होतं तितकं उच्चारल्यावर वाटलं नाही.

"कळतं हो मला," अध्यक्ष म्हणाले. "पण समोरच्यांना कसं कळावं?"

तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. कोणी विचारलं नसताना ते सल्ला देतात म्हणून सगळे त्यांना सल्लागार काका म्हणतात, आणि त्यांना हा बहुमान वाटतो. जिन्यात मला अडवून ते म्हणाले, "तुमचं चुकतंय कुठे सांगू? कपडे. पक्षी बघणाऱ्याने हिरवं घालावं. म्हणजे पक्ष्यांनाही दिसत नाही आणि शेजाऱ्यांनाही." मी खरोखरच एक हिरवा शर्ट घेतला. त्या शर्टात गॅलरीत उभा राहिलो तर बायकोने मागून माझ्या पायांवर पाणी ओतलं. कुंडीला घालत होते, चुकून झालं, असं ती म्हणते. मी नोंद घेतली, वाद घातला नाही.

सांगायचा मुद्दा, समोर बघायची बंदी झाल्यामुळे मी गॅलरीतल्या गॅलरीत बघू लागलो, आणि खरं पक्षीनिरीक्षण तिथून सुरू झालं. बायकोने कठड्यावर लाल, नळीसारख्या फुलांचा वेल चढवला आहे. त्यावर रोज एक अंगठ्याएवढा पक्षी येई. वरून मातकट, पोटाला पिवळा, चोच बारीक आणि बाकदार, आणि गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी, थेट टायसारखी. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलं, असं चित्र कुठेच नव्हतं. ज्याचं नाव पुस्तकात नाही असा पक्षी माझ्या गॅलरीत येतो, हे लक्षात आल्यावर मला काय वाटलं ते मी त्या दिवशी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही. पण मथळे त्या दिवशी जरा मोठ्या टायपात गेले.

मी त्याला तात्पुरतं 'टायवाला' म्हणू लागलो. पुढे तो येईनासा झाला. मी घरात जाहीर केलं, की टायवाला स्थलांतर करून परदेशी गेला.

"निरोप घेऊन गेला का?" बायकोने विचारलं.

त्याच सुमारास वेलीवर एक नवीन पक्षी दाखल झाला. काळा, पण ऊन पडलं की निळा-जांभळा चमकणारा. हा पुस्तकात होता, हुबेहूब: जांभळा शिंजीर. आणि त्याच्या पाठोपाठ एक साधीसुधी, वरून मातकट, खालून पिवळट, काहीच खास नसलेली पाखरी. तिच्यासाठी मी पुष्कळ पानं उलटली आणि शेवटी तिला वटवट्या ठरवलं. वटवटे पुस्तकात इतके होते आणि एकमेकांसारखे इतके होते, की त्यात एखादा जास्तीचा खपून जाईल असं वाटलं. म्हणजे एका गॅलरीत तीन पक्षी. त्यातला एक पुस्तकाबाहेरचा! नवशिक्या माणसाला ही कमाई वाईट नाही.

मग वटवट्याने घर बांधायला घेतलं. आणि जागा निवडली ती अध्यक्षांच्या इंटरनेटची वायर.

ही वायर समोरच्या खांबावरून येते, आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यातून झोल खात वरच्या मजल्यावर अध्यक्षांच्या घरात शिरते. त्या झोलाला पाखरीने कोळ्याची जाळी, सुकलेलं गवत, दोऱ्याचे तुकडे आणि सालपटं लावत एक लांबोडकी पिशवी टांगली. बाजूला दार, दारावर छोटंसं छप्पर. त्यात वर्तमानपत्राची एक चिंधीही होती. दुर्बिणीतून टाइप ओळखला; आमच्याच दैनिकाची होती. आमचा अंक लोक कशाकशाला वापरतात ते आम्ही जाणतो, पण घर बांधायला कोणी वापरल्याचं पहिल्यांदाच पाहत होतो. शिंजीर मात्र या सगळ्यात फक्त कठड्यावर बसून ओरडायचा. काडी एक उचलली नाही.

"हा मुकादम कोण?" बायकोने विचारलं.

"त्याचा संबंध नाही. तो वेगळा पक्षी आहे," मी अधिकाराने सांगितलं.

अध्यक्षांचं इंटरनेट आधीपासूनच आजारी होतं. ते घरून काम करतात. पडद्यावरच्या मीटिंगमध्ये त्यांचं चित्र मधेच गोठतं, आणि नेमकं तोंड उघडं असताना गोठतं. कंपनीने वायर बदलायचं कबूल केलं होतं. वायरमन आला, शिडी लावली, घरटं पाहिलं आणि मी हात पसरून आडवा उभा राहिलो.

"साहेब, मला काही नाही," वायरमन म्हणाला. "पण काम का झालं नाही त्याचं कारण मोबाइलवर भरावं लागतं. त्यात उंदीर आहे, पाऊस आहे, ग्राहक घरी नव्हता आहे. घरटं नाही."

"मग 'इतर' भर."

"'इतर' भरलं की तक्रार आपोआप बंद होते. मग पुन्हा नवीन करावी लागते."

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने अत्यंत गोड आवाजात विचारलं, की घरटं ग्राहकाच्या मालकीचं आहे की भाड्याचं. अध्यक्षांनी फोन माझ्या हातातून घेतला, आणि तेवढ्यात तो बंद पडला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू घरटं मीच विणलं होतं.

"भाऊ, पक्षी मलाही आवडतात," ते म्हणाले. "पण काल साहेबांसमोर माझं तोंड किती वेळ उघडं होतं ठाऊक आहे? त्यांना वाटलं मी पगारवाढ मागतोय."

आत अंडी होती, पुढे पिल्लं झाली, आणि मी रोज काहीतरी कारण काढून वायरमनला परत पाठवत राहिलो. आणि मग तो शोध लागला. पिल्लांना चारायला वटवट्या तर येत होताच. पण शिंजीरही चोचीत किडे घेऊन येत होता! मी पुन्हा पुन्हा पाहिलं. दोन पूर्ण वेगळे पक्षी एकाच घरट्यातली पिल्लं वाढवत होते. त्या संध्याकाळी स्थानिक पानावरची एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि पानात चौकोनी भोक पडलं. वृत्तसंपादक ओरडले, "कोणाकडे काही आहे का?" माझ्याकडे होतं. 'दोन भिन्न पक्ष्यांचा एकच संसार' असा मथळा देऊन मी ते भोक बुजवलं.

सकाळी इमारतीखाली कॅमेरे गळ्यात अडकवलेली माणसं उभी होती. सल्लागार काका त्यांना वर सोडत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, की हिरवं घालून यायला हवं होतं. अध्यक्षांच्या बायकोने, म्हणजे वरच्या वहिनींनी, बातमी वाचून नाक मुरडलं. "दुसऱ्याच्या घरात हा काळा रोज येतो-जातो, आणि तुम्ही ते पेपरात छापता? मला नाही बाई आवडलं." अध्यक्ष मात्र सुखावले होते, कारण बातमीत 'अध्यक्षांच्या सहकार्याने' असे दोन शब्द मी दूरदृष्टीने घातले होते.

दुपारी शहरातल्या पक्षीनिरीक्षक मंडळाच्या बाईंचा फोन आला. आवाज वयस्क, शांत. "मी पुष्कळ वर्षं पक्षी बघते. असं कधी ऐकलं नाही. रविवारी सकाळी येऊ का?" त्यांनी शंका घेतली नाही, वाद घातला नाही. मी घाबरलो.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव केला. "बाईंनी सांगितलं पक्षी दुर्मीळ आहे, तर पिल्लं उडेपर्यंत वायरीला हात नाही. आणि साधा असेल तर रविवारीच वायरमन. मी त्याला बोलावूनच ठेवतो." पिल्लांना अजून नीट पिसंही फुटली नव्हती. घरटं उतरवलं असतं तर ती जगली नसती, हे समजायला पुस्तकाची गरज नव्हती.

शनिवारी सकाळी शिंजीर वेलीवर इतका जवळ आला, की दुर्बीण बाजूला ठेवावी लागली. तो फुलातला मध प्यायला उलटा लटकला आणि मला त्याचं पोट दिसलं. काळ्याभोर पोटावर कडेला दोन-चार पिवळी पिसं होती. रंगाऱ्याने दुसरा हात मारताना कोपरा राहून जावा, तशी. नवीन काळ्याखालून जुना पिवळा दिसत होता.

मी तसाच उभा राहिलो. टायवाला परदेशी गेला नव्हता. टायवाला इथेच होता, कपडे बदलत होता! टाय रुंद होत होत पूर्ण अंगरखा झाला होता. म्हणजे हा काळा आणि तो टायवाला एकच. आणि टायवाल्यातून टाय काढून टाकला तर खाली काय उरतं? मातकट पाठ, पिवळट पोट, बाकदार चोच. उरतो वटवट्या. जो वटवट्या नव्हताच.

मी पुस्तक उघडलं. शिंजिराच्या मजकुराच्या अगदी तळाशी लिहिलं होतं: मादी वरून मातकट, खालून पिवळसर, विणीचा काळ नसताना नर मादीसारखाच, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी.

इथे माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. आमच्याकडे बातमी तळापासून कापतात. महत्त्वाचं वर, मग कमी महत्त्वाचं, आणि शेवटचा परिच्छेद असतोच मुळी जागा कमी पडली तर उडवण्यासाठी. इतकी वर्षं शेवटचे परिच्छेद कापल्यावर मला ते वाचण्याची सवय उरलेली नाही. जेवणाचं आमंत्रणसुद्धा मी अर्धंच वाचतो. पक्ष्यांची पुस्तकं लिहिणाऱ्यांना मात्र पानाची टंचाई कधी भासलेली दिसत नाही. बायको त्यांनी सगळ्यात खाली ठेवली होती.

"मग उद्या काय करणार?" बायकोने विचारलं. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. ती घरट्याकडे बघत होती.

"बाई ओळखतीलच. मी काही बोललो नाही तर निदान एक रात्र तरी मिळेल."

"आणि मग त्या सगळ्यांसमोर सांगतील. त्यांनी सांगितलं तर ती तुमची चूक. तुम्ही सांगितलंत तर तो तुमचा शोध."

इतक्या वर्षांत आमच्या वृत्तसंपादकांनासुद्धा हे कधी सुचलेलं नाही.

"पण मग घरटं?" मी म्हटलं.

"ते बघू. खोटं सांगून किती टिकवणार?"

रविवारी आमच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाई आल्या, कापडी टोपी, दुर्बीण माझ्याहून जुनी. अध्यक्ष आले, वहिनी आल्या, सल्लागार काका खालून खुर्ची घेऊन आले आणि तिच्यावर स्वतःच बसले. वायरमन शिडी घेऊन जिन्यात उभा होता. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावायच्या आतच मी घसा साफ केला.

"बाई, बघण्याआधी एक दुरुस्ती आहे. हे दोन वेगळे पक्षी नाहीत. हा शिंजीर आणि ही त्याची मादी. बातमीत चुकीचं छापलं गेलं, आणि ते मी लिहिलं होतं."

बाईंनी शांतपणे दुर्बीण लावली, पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर."

"म्हणजे दुर्मीळ नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "फुलं असतील तिथे असतो."

"फुलं असतील तिथे!" अध्यक्ष म्हणाले. "आणि मी इतके दिवस तोंड उघडं ठेवून बसलोय." त्यांनी जिन्याकडे वळून हाक मारली. वायरमनने शिडी उचलली.

जे खरं होतं ते मी आत्ताच सांगून बसलो होतो, आणि ते घरट्याच्या विरुद्ध जात होतं.

"थांब रे," वहिनी वायरमनला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, नीट सांगा. ती त्याचीच बायको?"

"हो वहिनी."

"आणि पिल्लं दोघांची?"

"दोघांचीच."

"आणि तो काळा येतो तो स्वतःच्या घरी येतो?"

"स्वतःच्या घरी. चोचीत खाऊ घेऊन."

वहिनींनी पदर कमरेला खोचला. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं? मला वाटलं भलताच काहीतरी प्रकार आहे. नांदतं घर आहे ते! त्याला कोण हात लावतंय तेच बघते मी."

"अगं, पण माझी मीटिंग..."

"मीटिंगमध्ये तुम्ही बोलता कधी? नुसते बसलेले असता. चित्र हललं काय नि न हललं काय!"

जिन्यात वायरमनला खोकल्याची उबळ आली. तो शिडी घेऊन खाली गेला, आणि मोबाइलवर 'ग्राहक घरी नव्हता' असं भरून टाकलं, असं नंतर कळलं. सल्लागार काका खुर्चीतून म्हणाले, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, नवरा-बायको आहेत. एक सारखा ओरडतो आणि एक काम करते."

बाई जायला निघाल्या तेव्हा दारात थांबल्या. "एक विचारू? तुम्ही पुस्तकात वाचलंत की स्वतः ओळखलंत?"

"पोटाला पिवळी पिसं राहिली होती," मी म्हटलं. "आधी ती दिसली. पुस्तक नंतर."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "नवशिके लोक पक्षी दिसला की पुस्तकाकडे पळतात. पक्ष्याकडे कोणी बघत नाही. तुम्ही बघितलंत." एवढंच म्हणून त्या जिना उतरल्या. त्यांच्या पावलांचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत मी दार लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती लिहिली. चूक कबूल केली, पण त्याबरोबर टायवाला, अंगरखा, पिवळी पिसं, सगळं व्यवस्थित दिलं, आणि शेवटच्या परिच्छेदात, नम्रपणे, हे प्रस्तुत उपसंपादकाने स्वतःच्या निरीक्षणातून शोधल्याचं नमूद केलं. वृत्तसंपादकांनी ती तळापासून कापली.

हरकत नाही. इमारतीला ठाऊक होतं.

पिल्लं उडायच्या दिवशी वहिनींनी वरून हाक मारली आणि सगळे आमच्या गॅलरीत जमले. पिल्लं कठड्यावर रांगेत बसली होती, तिन्ही मातकट, तिन्ही पिवळट, तिन्ही सारखीच गोंधळलेली. अध्यक्ष ऐन मीटिंगमधून लॅपटॉप उचलून घेऊन आले होते आणि त्याचं तोंड त्यांनी पिल्लांकडे केलं होतं. "दिसतंय का? आमच्या वायरीवरची आहेत," ते पडद्यावरच्या लोकांना सांगत होते. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "भाऊ, साहेब विचारतायत, यातला नर कोणता?"

सल्लागार काकांनी तोंड उघडलं, पण वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी ते मिटलं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. पिल्लं हाताच्या अंतरावर होती, त्यामुळे दुर्बिणीतून पिवळ्या धुक्याशिवाय काहीही दिसत नव्हतं. तरीही मी एका पिल्लावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर सावकाश सरकलो. घाईत दिलेलं नाव काय करतं ते मला आता कळत होतं.

"अजून सांगता येत नाही," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. वहिनींनी मान डोलावली. अध्यक्ष लॅपटॉपवर वाकले आणि दवाखान्यात बोलतात तशा आवाजात म्हणाले, "सर, आमचे तज्ज्ञ म्हणतायत, अजून सांगता येत नाही."

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. त्या वेळी माझा चेहरा कोणाला दिसू नये असं वाटत होतं. इतका आनंद तज्ज्ञाला शोभत नाही.